बसून राहण्याचा दर

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला एक फोन येतो. नंबर ओळखीचा नसतो. आवाज कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराचा असतो, नाहीतर नोकरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाचा. पहिलं वाक्य मात्र ठरलेलं.

"गावंडे भाऊ ना? मले प्रॉप फर्ममदी खुर्ची घ्यायची आहे. कोनाचा रेट कमी आहे, तेवढं सांगून द्या ना."

अकोला आणि अमरावती या दोन गावांत माझी एवढीच ख्याती आहे. 'रेटवाले गावंडे.' कोणती फर्म कोटीमागे किती कमिशन घेते, नफ्यात किती वाटा ठेवते, डिपॉझिट किती मागते आणि ते परत करताना किती हेलपाटे घालायला लावते, हे मला तोंडपाठ असे. या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, "शेअर बाजारातले गमतीचे किस्से लिहा, लोकांना आवडतात." किस्से माझ्याकडे आहेत. पण लिहायला बसलो की हात दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो. म्हणून तेच लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण माझ्या बायकोलाही तो समजायला बरीच वर्षं लागली. ती शिक्षिका आहे, आणि अजूनही शेजारी कुणी विचारलं तर "हे कम्प्युटरवर असतात" एवढंच सांगते.

प्रॉप फर्म म्हणजे स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या खात्यात सौदे करणारी कंपनी. सौदे करायला तिला माणसं लागतात. ती माणसं आम्ही, बाजाराच्या भाषेत 'जॉबर'. आम्ही डिपॉझिट भरायचं, फर्म त्याच्या कितीतरी पट रकमेचे सौदे करायची मर्यादा द्यायची, आणि एक खुर्ची, एक टर्मिनल, एक पंखा. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की घ्यायचं, थोडा भाव चढला की विकायचं. साडेतीनच्या आत सगळं मिटवायचं, उद्यासाठी काही शिल्लक ठेवायचं नाही. नफा झाला तर त्यात फर्मचा वाटा. तोटा झाला तर तो आमच्या डिपॉझिटमधून. आणि नफा होवो की तोटा, प्रत्येक सौद्यावर कमिशन. सरकारी कर वेगळे, ते कुणालाच चुकत नाहीत. म्हणून घासाघीस करायची ती या कमिशनवर.

इथेच बाहेरच्या माणसाचा घोळ होतो. बाजार समितीत मूग विकला की अडत एकदा कापली जाते. मूग जातो, पैसे येतात, विषय संपला. आमचा माल तसा नाही. दहा लाखांचं घेतलं आणि दहा लाखांचं विकलं की उलाढाल वीस लाखांची होते, आणि तेच दहा लाख दुपारपर्यंत तीस वेळा बाजारात जाऊन येतात. दर वेळी अडत. त्यामुळे कोटीमागे शे-दीडशे रुपयांचा फरक ऐकायला चिल्लर वाटतो, पण महिनाअखेरीस तोच ठरवतो की माणूस घरी काही घेऊन जाईल की नाही.

अमरावतीचे एक वकीलसाहेब माझ्याकडे आले होते. एका फर्मशी त्यांनी पंधरवडाभर दरावरून वाद घातला आणि अखेर कोटीमागे वीस रुपये कमी करून घेतले. विजयी चेहऱ्यानं मला पेढे दिले. मी विचारलं, "नेट बंद पडलं आणि सौदा अडकला तर तोटा कोणाचा, हे विचारलं का?" वकीलसाहेबांनी पेढ्याचा डबा हळूच मिटला. ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

ही गोष्ट मी हसत सांगत असे. आता सांगताना चाचरतो. कारण माझंही एक विचारायचं राहिलं होतं, आणि त्याची किंमत मी भरली नाही.

*

अकोल्यात बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर आमची खोली होती. आम्ही सात जण. मी वयानं आणि अनुभवानं मोठा, कारण आधी बरीच वर्षं एका ब्रोकरच्या ऑफिसात गिऱ्हाइकांचे सौदे टाकायचं काम केलं होतं. मे महिन्यात तिथे कूलरचा पत्रा हात लावू देत नसे. पाणी खारं, म्हणून कॅन विकत आणायचो आणि त्या कॅनजवळ उभं राहून सगळ्या गुजगोष्टी चालायच्या.

माझ्या डावीकडे गजाननराव ढोरे बसत. पंचेचाळिशीचे, अंगानं बारीक. औषधांच्या ठोक दुकानात त्यांनी हिशेबाचं काम केलं होतं. ते दुकान मालकाच्या मुलानं बंद केलं. मग बार्शीटाकळीला बायकोच्या नावावर एक प्लॉट होता तो विकून त्यांनी डिपॉझिट भरलं. बायकोनं, मंगलाताईंनी, सही करताना एक अट घातली होती. दिवसाचा घरखर्च निघाला की मशीनकडे पाहायचं नाही.

गजाननरावांना ही अट पाळायला कष्ट पडत नसत, कारण त्यांना भीती वाटायची. खरी भीती. सौदा टाकताना त्यांच्या कपाळावर जानेवारीतही घाम असे. ते बाजार पाहत बसायचे. तास तास. मग कधीतरी एखादा लॉट, म्हणजे शेअरचा एक गठ्ठा, घ्यायचे, घेतल्या क्षणी खाली 'कट' लावून ठेवायचे, म्हणजे भाव तिथवर पडला की आपोआप विकलं जावं, आणि चार पैसे दिसले की बाहेर. मग डबा उघडायचे. भाकरी, ठेचा, आणि कागदात गुंडाळलेला कांदा.

समोरचा नितीन त्यांना चिडवायचा. नितीन तिशीचा, बोटं टाइपरायटरसारखी चालायची. "गजाननराव, तुमी पंख्याचं बिल तरी काढता का हो?"

"निंघते बापा. जेवन पन निंघते."

"अरे, मीच याइले चुकून फर्मचा चौकीदार समजलो होतो!"

खोली हसायची, गजाननरावही हसायचे. आणि महिनाअखेरीस सातांपैकी ज्या दोघांच्या घरी नियमानं पैसे जायचे, त्यांत ते असायचे. याचं त्यांनी कधी भांडवल केलं नाही. त्यांना त्यात काही शहाणपण आहे असं वाटतच नव्हतं. "मले भेव लागते म्हनून बसतो भाऊ," असं ते लाजून सांगत.

त्या फर्मचा दर कोटीमागे सहाशे होता. महाग होता. पण त्याला एकही अट चिकटलेली नव्हती. हे वाक्य मी आज लिहितो आहे. तेव्हा मला फक्त 'महाग' दिसत होतं.

*

अमरावतीत एका नव्या फर्मनं ऑफिस उघडलं आणि अकोल्यातही खोली द्यायला तयार आहे असं कळलं. त्यांचा दर पाचशे. मी म्हटलं, पाचशे कशाला, आणखी खाली आणतो. बोलणी करायला निघालो आणि गजाननरावांना सोबत घेतलं. त्यांचा चेहरा असा होता की समोरचा माणूस खोटं बोलायला जरा कचरायचा.

एसटीत मूर्तिजापूरच्या पुढे ते म्हणाले, "भाऊ, आहे ते काय वाईट आहे?"

"सहाशे वाईटच आहे गजाननराव. सात जणांचा हिशेब करा."

"मी तं कमीच करतो सौदे. मले काय फरक पडते?"

"तुम्हाला नाही पडत, पण नितीनला पडतो. सगळे मिळून गेलो तरच दर पडेल."

हा 'सगळे मिळून' माझ्या रक्तातला. दर्यापूरकडच्या आमच्या गावात माझे काका मूग निघाला की अडत्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "अख्ख्या गावाचा मूग तुमच्याच दुकानी उतरवतो. अडत कमी करा." त्या काळी अडत शेतकऱ्याकडूनच कापत. अडत्या कुरकुरायचा आणि कमी करायचा. काका परत आले की गावात त्यांचा केवढा मान! लहानपणी मी त्यांच्या मांडीला टेकून ही बोलणी ऐकली होती.

अमरावतीच्या त्या वातानुकूलित ऑफिसात मी अगदी काकांसारखा बसलो. शाखेचे साहेब तरुण, नागपूरचे, एमबीए. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणालो. "सातही जण तुमच्याकडे आणतो सर. दर सांगा."

सरांनी कॅल्क्युलेटर ओढला. "साडेतीनशे देतो काका. पण खोलीची मिळून महिन्याची उलाढाल एका हद्दीच्या वर पाहिजे. हद्द ओलांडली, साडेतीनशे. नाही ओलांडली तर साडेसातशे, पहिल्या सौद्यापासून."

मी मागच्या महिन्यांची उलाढाल मनात जुळवली. हद्द आम्ही आरामात ओलांडत होतो. हो म्हणालो. गजाननरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही विचारायचं होतं असं मला आज वाटतं. त्या दिवशी वाटलं, त्यांना भूक लागली असावी. राजकमल चौकाकडे नेऊन मी त्यांना गिला वडा खाऊ घातला. मिरची लागली म्हणून ते डोळे पुसत होते आणि मी त्यांना एकूण किती वाचेल ते सांगत होतो.

काका मूग देत होते. मूग शेतात उगवलेला असायचा, पोत्यांत भरलेला असायचा. त्याचं वचन द्यायला कुणाचं काही जात नव्हतं. मी वचन दिलं ते उलाढालीचं. ती उगवत नाही, ती करावी लागते. प्रत्येक वेळी जोखीम घेऊन, आणि कमिशन भरून. ज्यानं आयुष्यभर बाजारात काम केलं त्याला एवढं कळायला हवं होतं. पण मी त्या खुर्चीवर बाजारातला माणूस म्हणून बसलोच नव्हतो. मी काकांचा पुतण्या म्हणून बसलो होतो.

*

पहिले दोन महिने बाजार नुसता उड्या मारत होता. हद्द विसाव्या तारखेच्या आतच पार व्हायची. नितीननं माझ्या टेबलावर हार आणून ठेवला. "रेटवाले गावंडे" हे नाव तेव्हाच पडलं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते फार गोड वाटलं.

तिसऱ्या महिन्यात बाजार मेला. अशा वेळी चांगला जॉबर हात आखडता घेतो. आम्हाला तो घेता येईना. सर रोज संध्याकाळी आमच्या ग्रुपवर आकडा टाकायचे. हद्दीच्या किती टक्के झालं, किती राहिलं. घरी जेवताना फोन वाजला की मी ताट सरकवून आकडा पाहायचो. बायको विचारायची, "तब्येत बरी नाही का?" मी म्हणायचो, "गरमी आहे." नोव्हेंबर होता.

मग 'फिरवणं' सुरू झालं. फिरवणं म्हणजे एका भावाला घ्यायचं आणि लगेच त्याच भावाला, नाहीतर पाच पैसे खाली, विकून टाकायचं. कमाई काही नाही. उलट कमिशन जातं, कर जातो, पाच पैसे जातात. फक्त उलाढाल वाढते. दर वाचवण्यासाठी आम्ही दरापेक्षा जास्त पैसे जाळत होतो, आणि ते जाळणं मी फळ्यावर लिहून वाटून दिलं. प्रत्येकाच्या वाट्याला सारखी उलाढाल. गावात टेम्पोचं भाडं माणशी सारखं वाटतात, तसं. मला ते न्यायाचं वाटलं.

गजाननरावांच्या वाट्याला आलेली उलाढाल त्यांच्या नेहमीच्या कितीतरी पट होती. पहिल्या दिवशी त्यांनी थोडं केलं आणि डबा उघडला.

नितीन खुर्ची फिरवून म्हणाला, "गजाननराव, डबा मंग खा. तुमी बसून राहिले तं आमच्या सगळ्याइले साडेसातशे बसन."

"मले दिसून नाई राह्यलं बाजारात काही."

"आमाले तरी कुठं दिसून राह्यलं? डोये मिटून मारा!"

या वेळी कुणी हसलं नाही. चिडवणं आणि टोचणं यांतला फरक त्या खोलीतल्या सगळ्यांना कळला, मलाही कळला. मी स्क्रीनकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते पाण्याच्या कॅनजवळ माझी वाट पाहत उभे होते. ग्लास भरला होता, पीत नव्हते.

"विलासभाऊ, मंगलानं सांगतलं होतं, घरखर्च निंघाला का बंद. हे मले जमन का?"

त्यांना माझ्याकडून परवानगी हवी होती. बसून राहायची परवानगी. एक शब्द पुरला असता. नितीन चिडला असता, बाकीचे पुटपुटले असते, महिनाभर साडेसातशे भरले असते, आणि माझं नाव गेलं असतं. एवढंच.

मी म्हणालो, "फक्त या महिन्याचं आहे हो. सगळ्यांसाठी करायचं."

"सगळ्याइसाठी," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

त्यांनी खरंच केलं. भीती होती तीही गिळली. एक लॉट घेणारा माणूस पाच घेऊ लागला. फिरवताना घेणं आणि विकणं यांत क्षणाचंच अंतर असतं, म्हणून ते कट लावेनासे झाले. कपाळावरचा घामही गेला. नितीन म्हणाला, "आत्ता कसं! वाघ झाले गजाननराव." त्यांना ते आवडलं असावं. माणसाला कुणी वाघ म्हणावं असे प्रसंग आमच्या धंद्यात फार येत नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी थोडंच उरलं होतं. मी आणि नितीन फळ्यापाशी उभे राहून बेरीज करत होतो. गजाननरावांनी एका बँकेच्या शेअरचे लॉट घेतले होते, नेहमीसारखे लगेच विकण्यासाठी. त्याच क्षणी कुठलीतरी बातमी आली. काय बातमी ते मला आजही नीट आठवत नाही. भाव पायऱ्या उतरला नाही, गच्चीवरून पडला.

मी सहज वळून पाहिलं आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. कीबोर्डवर नव्हते. डोळे स्क्रीनवर, तोंड किंचित उघडं. असं झालं की शेजाऱ्यानं ओरडायचं असतं, "कापा! कापा!" आमच्या खोलीचा तो धर्मच होता. एकानं गोठून गेलं की दुसऱ्यानं हाक मारायची. डावीकडच्या खुर्चीला हाक मारायची पाळी माझी होती आणि मी फळ्यापाशी खडू घेऊन उभा होतो. मी ओरडलो तेव्हा उशीर झाला होता. अमरावतीहून फर्मच्या यंत्रणेनं त्यांचे सगळे लॉट मिळेल त्या भावानं विकून टाकले. डिपॉझिट निम्म्याच्या खाली गेलं. नियमाप्रमाणे टर्मिनल बंद झालं. स्क्रीनवर नुसता राखाडी चौकोन राहिला.

थोड्या वेळानं सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ग्रुपवर सरांचा निरोप होता, 'अभिनंदन टीम! हद्द पार!' आणि टाळ्या वाजवणारे हात. गजाननरावांचे लॉट यंत्रणेनं विकले, ती विक्रीही उलाढालीतच धरली गेली होती. तिच्यामुळेच आम्ही हद्द ओलांडली. साडेतीनशेचा दर वाचला.

नितीननं फोन टेबलावर पालथा ठेवला.

गजाननराव उठले. डबा धुतला, पिशवीत ठेवला. रोजच्यासारखा आपल्या डोक्यावरचा पंखा बंद केला. "येतो भाऊ," म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

*

दर वाचल्यामुळे त्या महिन्यात ज्याचे जेवढे शिल्लक राहिले, ते आम्ही सहा जणांनी गोळा केले. नितीननं स्वतःची भर घातली आणि मला न सांगता त्यांच्या घरी घेऊन गेला. मंगलाताईंनी त्याला चहा दिला, पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्या रेटचे पैसे ना? मंग तुमीच ठेवा भाऊ." परत आल्यावर नितीननं ते माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, "गावंडे भाऊ, मी बोललो त्याइले. पन तुमी काहून नाई बोलले मले?"



उरलेलं डिपॉझिट सोडवून द्यायचं काम तेवढं मी केलं. अमरावतीला खेपा घातल्या, सरांच्या दारात बसलो, आवाजही चढवला. पैसे मिळाले. ढोरे कुटुंब अकोला सोडून बार्शीटाकळीला गेलं आणि गजाननराव तिथे कृषी केंद्रात हिशेबाला लागले. मीही पुढच्या वर्षी खोली सोडली आणि बायकोच्या नोकरीच्या गावी, अमरावतीला आलो. फोन मात्र येत राहिले. आता मी रेट सांगण्याआधी एकच गोष्ट विचारायला लावतो. ज्या दिवशी मी एकही सौदा करणार नाही, त्या दिवशी मला काय भरावं लागेल? बसून राहण्याचा दर काय? पोरं हसतात. म्हणतात, बसून राहायला कोण खुर्ची घेतं?

यंदा पोळ्यानंतर एका शनिवारी दारावर बेल वाजली. दारात गजाननराव, मागे मंगलाताई. मी त्यांना 'या' म्हणालो की नाही हेही मला आठवत नाही. सुनीतानं, माझ्या बायकोनं, पाणी आणलं.

"कामानं आलो भाऊ," गजाननराव म्हणाले आणि पिशवीतून दोन फर्मची दरपत्रकं काढली. "पुन्हा खुर्ची घ्याव म्हनतो. आपले परत भेटलेले पैसे आहेत ना, तेच टाकीन. तुमच्याएवढं रेटमदलं कोनाले समजते? तुमी सांगान तिथं."

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधला, सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. मंगलाताई गॅलरीतल्या कुंड्यांकडे पाहत होत्या. म्हणजे घरी भांडण होऊन गेलं होतं आणि निकाल माझ्यावर सोपवला होता.

मी चष्मा लावला. कागद टेबलावर पसरून वाचले. एका फर्मचा दर स्वस्त, पण उलाढालीची अट. दुसरीचा महाग. मी दोन्हींना त्यांच्यासमोर फोन लावला आणि माझा प्रश्न विचारला. पहिलीचा माणूस हसला आणि म्हणाला, "सर, तसं आमच्याकडे कुणी बसतच नाही." दुसरीचा म्हणाला, "काही लागत नाही. महिनाभर बसून राहा." ही दुसरी चांगली होती. दर, वाटा, डिपॉझिट परतीची मुदत, सगळं सरळ. इतकी सरळ फर्म मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. हीच घ्या, असं सांगून मोकळं होता आलं असतं. सल्ला खरा ठरला असता.

गजाननराव माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांचं कपाळ कोरडं होतं. बाहेर ऊन होतं, पंखा हळू होता आणि कपाळ कोरडं.

मी विचारलं, "गजाननराव, भेव लागते का अजून? सौदा टाकताना?"

ते हसले. "नाई भाऊ. आता नाई लागत. पोराच्या मोबाइलवर करून पाह्यलं थोडं. जे जायचं ते गेलं, आता काय भ्यायचं? धडाधड टाकतो."

मंगलाताईंनी कुंड्यांवरची नजर काढून माझ्याकडे आणली.

मला वाटत होतं, माझ्यामुळे त्यांचा प्लॉट गेला. पैसे गेले. ते खरंच होतं. पण त्यांचं खरं डिपॉझिट ती भीती होती. त्यावर ते जगत होते, आणि तेच आम्ही फळ्यावर वाटणी करून संपवलं होतं. ते कुठल्याही खेपा घालून परत मिळणार नव्हतं.

"मग नका घेऊ खुर्ची," मी म्हणालो.

"कोनत्या फर्मची?"

"दोन्हींची. कोणाचीच नका घेऊ. रेट चांगला आहे, फर्म चांगली आहे. तुम्ही आता बसून राहू शकणार नाही, गजाननराव. तुम्ही बसून राहत होते म्हणून वाचत होते. ते मी घालवलं. त्या दिवशी पाण्याच्या कॅनपाशी तुम्ही मला विचारलं होतं."

सुनीता स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. ही गोष्ट तिनंही पहिल्यांदाच ऐकली.

गजाननरावांनी दोन्ही कागद हळूहळू घडी केले. "मले याद आहे," ते म्हणाले. मग ते पिशवीत ठेवत, "तवाच म्हनाले असते तं, भाऊ."

"हो," मी म्हणालो.

"आता तं म्हनाले ना," मंगलाताई उठल्या. "चाला. गाडी चुकन."

ते खाली उतरले. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्या चौकातून डावीकडे बस स्थानक आणि उजवीकडे, बडनेरा रस्त्याला, त्या दुसऱ्या फर्मचं ऑफिस. शनिवारी दुपारपर्यंत ते उघडं असतं, हे मला नको तेव्हा आठवलं. त्यांची रिक्षा चौकात गर्दीत अडकली, आणि मध्ये एक मोठा ट्रक आल्यानं ती कुठे वळली ते मला दिसलं नाही. त्यानंतरची दुपार मी कशी काढली ते लिहीत नाही. फोन हातात घेत होतो, ठेवत होतो. विचारायचा हक्क मला होता का, तेच कळत नव्हतं.

दिवेलागणीला फोन वाजला. मंगलाताईंचा आवाज.

"पोचलो भाऊ. घरीच आलो सिद्धे."

मी खुर्चीत बसलो. "आणि गजाननराव?"

"ओट्यावर आहेत. चाय ठेवला तं घेतला नाई. बोलत नाईत, चालत नाईत, आल्यापासून नुसते बसून आहेत. काय करू?"

"काही करू नका ताई," मी म्हणालो. "त्यांना बसून राहू द्या."